मूळ स्थितीतली डबी

बाबांनी खिशातून पांढरे हातमोजे काढून चढवले, तेव्हा सुंदराआक्कांना वाटलं ते डॉक्टर आहेत.

“कुणाला तपासायचं हाय?” त्यांनी हळूच भाच्याला विचारलं.

“नाय गो आते, डबी काढतायत,” दीनानाथ म्हणाला.

आम्ही पुण्याहून माडवलीला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. जयगडच्या अलीकडे, खाडीच्या काठाला माडांच्या आत शिवलकरांची वाडी आहे. पडवीत आमच्यासाठी नवी सतरंजी अंथरली होती आणि शेजारपाजारची माणसं एकेक करून अंगणात येऊन उभी राहत होती. बाबा खुशीत होते. चार माणसं जमली की त्यांना भाषण सुचायचं.

माझे वडील मधुसूदन लिमये तरुणपणी शिकायला म्हणून हँबुर्गच्या एका गोदीत होते. तिथून येताना त्यांनी जर्मन भाषा आणली, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांचं वेड आणलं. आमच्या पुण्याच्या घरी पाहुण्यांसाठी एक खोली होती, पण तिथे पाहुणा कधी झोपला नाही. तिथे काचेची कपाटं होती आणि कपाटांत बिल्ले, टोप्या, दुर्बिणी, एक होकायंत्र, कुठल्याशा पाणबुडीची पितळी झडप. आई म्हणायची, आमच्याकडे जर्मनीचं सगळं आरमार आहे, फक्त पाणी तेवढं नाही. कुणी तावडीत सापडला की बाबा त्याला एखाद्या पाणबुडीवरच्या माणसांची नावं कप्तानापासून स्वयंपाक्यापर्यंत घडाघडा म्हणून दाखवत. लहानपणी मला त्याची ऐट वाटायची. पुढे कॉलेजात गेल्यावर ही माणसं कुणासाठी लढत होती ते नीट कळलं, आणि मी मैत्रिणींना घरी बोलावणं बंद केलं. बाबांचं उत्तर ठरलेलं असे, “मी राजकारण जमवत नाही, वस्तू जमवतो.”

ही डबी त्यांना हँबुर्गच्या एका दुकानदाराकडून मिळाली होती. पाणबुडीवर काम केलेला एक म्हातारा वारला, त्याच्या मुलीने घर रिकामं करताना त्याची पेटी विकली, त्या पेटीत ही होती. दुकानदाराने चिठ्ठी लावली होती, ‘आशियाई खलाशाची तपकिरीची डबी, रिकाम्या होडीत सापडलेली’. बाबांनी ती पाहताक्षणी ओळखली. आपल्याकडे कुणीही ओळखील. दोन तोंडांची पितळी डबी, एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. काळी ठिक्कर पडलेली. झाकणावर, भांडीवाले नाव घालतात तसं, ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं नाव होतं: ता. रा. शिवलकर, माडवली.

बाबांनी माडवलीचा शोध लावला, ग्रामपंचायतीत फोन केला, शिवलकरांच्या घरचा निरोप मिळवला. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं म्हणून गाडी मी चालवत होते. घाटात त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं होतं. वस्तू नुसती असून भागत नाही, तिचं मूळ सिद्ध व्हावं लागतं. घरच्या माणसाचा डबीबरोबर एक फोटो मिळाला की काम झालं. जर्मनीत संग्राहकांचं एक मासिक निघतं, त्यात त्यांचा लेख यायचा होता. त्या मासिकात तोवर एकाही भारतीयाचं नाव आलं नव्हतं.

“त्यांना माहीत आहे ना आपण फक्त फोटोसाठी जातोय ते?” मी विचारलं होतं.

“डबी दाखवायला आणतो असं स्वच्छ सांगितलंय.”

“दाखवायला?”

“मग काय द्यायला?” बाबा म्हणाले. त्यांना खरोखरच नवल वाटलं होतं.

तर पडवीत बाबांनी पेटीतून डबी काढली, मऊ फडक्यावर ठेवली आणि चुन्याच्या बाजूचं झाकण उघडलं. आतला चुना वाळून दगड झाला होता, आणि त्यात मधोमध, बोटाने उकरून घेतल्याचा खड्डा तसाच राहिला होता. बाबांचा सगळा जीव त्या खड्ड्यात होता. ते कुठल्याही पाहुण्याला डबी दाखवताना शेवटी झाकण उघडायचे.

आक्का पुढे सरकून वाकल्या. साठी उलटलेली बाई, अंगाने काटक, नऊवारी लुगडं, हातात एकच बांगडी. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि त्या माहेरी आल्या त्या इथल्याच झाल्या. भाऊही पुढे वारला. आता घरात त्या, भावाचा मुलगा दीनानाथ आणि त्याची बायको सुगंधा. ता. रा. म्हणजे तातू रामा शिवलकर, हा आक्कांचा बाप. तो बोटीवर गेला तेव्हा त्या आईच्या पोटात होत्या.

“हितं बोट घातलान व्हतं त्यानं?” त्यांनी विचारलं आणि हात पुढे केला.

“नको, नको,” बाबांनी डबी मागे घेतली. “हाताचा घाम लागतो. म्हणून तर हे मोजे.”

आक्कांनी हात पदरात घेतला. मग बाबांनी हकिगत सांगायला घेतली. आफ्रिकेच्या पश्चिमेला इंग्रज कंपनीचं मालाचं जहाज, एकटं चाललेलं. पाणबुडी सकाळपासून मागावर. कप्तान कसा थंड डोक्याचा, त्याने सूर्य पाठीशी येईपर्यंत कशी वाट पाहिली, हे सांगताना बाबांचा आवाज चढत गेला. उजव्या हाताची पाणबुडी करून त्यांनी ती सतरंजीवरून सरकवली.

“एकच टॉर्पेडो. बरोब्बर मध्यावर. इंजिनरूममध्ये. काय नेम असेल बघा.”

आक्का म्हणाल्या, “बापूस आगवाला व्हता. खालीच असायचा. कोळसा मारायचा.”

“मग त्यांना काही कळलंही नसेल,” बाबा म्हणाले. त्यांना वाटलं, आपण धीर दिला.

“पण डबी होडीत गावली म्हणता ना?”

“हो. पाणबुडी वर आली, तेव्हा जहाज बुडालं होतं आणि एक होडी तरंगत होती. होडी रिकामी. तळाला ही डबी.”

“म्हंजे तो वर आला असनार. होडीत बसला असनार.” आक्का एकेक शब्द जुळवत बोलत होत्या. “चुना पन खाल्लान असंल. मंग होडीतनं कुठं गेला?”

“ते आता कोण सांगणार?”

“तुमच्या लोकांनी शोधलं नाय जरा? आजूबाजूला? येकादा मानूस घेतला नसता आत?”

“आक्का, पाणबुडीत आम्हाला जागा कुठे असते हो,” बाबा म्हणाले.

आम्हाला. मी खाली सतरंजीकडे बघत बसले. माझ्या बापाने, ज्याला पोहताही येत नव्हतं, माडवलीच्या पडवीत बसून त्या पाणबुडीच्या वतीने उत्तर दिलं होतं. मला तिथून उठून गाडीत जाऊन बसावंसं वाटलं. पण सुगंधाने चहा आणला आणि मी कप घेतला.

चहा पिऊन होईपर्यंत आक्कांनी घरातली गोष्ट सांगितली. तार आली तेव्हा आईने ती मानलीच नाही. गावातला दुसरा एक जण, त्याचीही अशीच तार आली होती, आणि तो लढाई संपल्यावर जर्मनांच्या कैदेतून चालत घरी आला. मग तर आईने धरूनच ठेवलं. ह्यो आला तसा तो बी येल.

“आयशीनं कुकू पुसलान नाय शेवटपर्यंत. सवाष्णच गेली. ती असताना क्रिया कशी करनार? म्हाळाला सगळ्यांची पानं मांडायची, माज्या बापाचं नाय. लोकं आमच्या आज्याला जेवू घालायची, पंज्याला घालायची. बापूस उपाशी.”

“मग आई गेल्यावर?” मी विचारलं.

“भटजी बोललेले, दर्भाचा पुतळा करू, त्याला अग्नी देऊ. माला नको वाटलं. मी त्याला कदी बगितला नाय, आनि गवताला बापूस म्हनू?”

मग त्या बाबांकडे वळल्या आणि हात जोडले.

“सायेब, येक रात ही घरात राहू दे. देवाकडं ठेवते. तुमची वस्तू हाय, सकाळी घेऊन जावा.”

बाबांनी आधी डबीकडे पाहिलं, मग अंगणात. माडांच्या आडून उजेड गेला होता, फोटो आता येणार नव्हताच. त्यांनी बराच विचार केला. मी त्यांच्याकडे बघत होते, ते बहुधा त्यांना जाणवलं.

“ठीक आहे. पण तिला काही करायचं नाही हं. आहे तशी राहिली पाहिजे.”

“आमी काय करनार वो तिला?” आक्का म्हणाल्या. त्यांनी पदर पसरला आणि बाबांनी मोजे घातलेल्या हातांनी डबी पदरात ठेवली.

आम्ही गणपतीपुळ्याला एका लॉजवर उतरलो. जेवताना बाबा पुन्हा पुन्हा म्हणत होते, आपण माणुसकी दाखवली, पण जरा धोकाच पत्करला. मी म्हटलं, समुद्राने काही केलं नाही तिला, शिवलकर काय करणार आहेत.

सकाळी गाडी वाडीत शिरली तेव्हा अंगणात बरीच माणसं बसलेली दिसली. सगळ्यांनी आंघोळी केलेल्या, पुरुष पंचे गुंडाळून, बायका मागच्या दाराशी पत्रावळी पुसत. घरातून वडे तळल्याचा आणि काळ्या वाटाण्यांच्या सांबाऱ्याचा वास येत होता. दीनानाथ पुढे आला. त्याचं डोकं तुळतुळीत भादरलेलं होतं. मिशासुद्धा काढलेल्या. ओल्या पंच्यातून पाणी गळत होतं. मला तेवढ्यात सगळं कळलं.

बाबांना डोकं दिसलं नाही. त्यांना उघड्या दारातून देवघर दिसलं. देव्हाऱ्यापुढे केळीच्या पानावर डबी होती, आणि ती सोन्यासारखी झळझळत होती.

ते चपलांसकट आत जाणार होते, मी दंड धरून त्यांना उंबऱ्याशी थांबवलं. आक्काच डबी घेऊन बाहेर आल्या. चेहरा रात्रभर जागल्याचा, पण उजळलेला. त्यांनी ती दोन्ही हातांनी पुढे केली.

“घ्या सायेब. लई उपकार झाले.”

“हे काय केलंत?” बाबा म्हणाले.

“काय?”

“हिला काय केलंत?”

“घासली. चिंच नि राखेनं. देवाफुडं काळं भांडं कसं ठेवायचं?”

बाबांनी मोजे घातले नव्हते. त्यांनी डबी हिसकावलीच म्हणायला हवं, आणि झाकण उघडलं. आतही पितळ चकचकत होतं.

“चुना? आतला चुना कुठाय?”

“सोडला,” दीनानाथ म्हणाला. “पहाटे भटजींना आनलं. भटजी बोलले, अस्थी म्हनून चालंल, दिवस बी आजच घालू. पानात बांधून खाडीच्या तोंडाला सोडला. भरती उतरताना.”

“माजं बोट घातलं त्यात,” आक्का म्हणाल्या, “सोडायच्या आधी. बसलं.”

त्या हे बाबांनाच सांगत होत्या, कारण त्यांना वाटलं, डबी जपणाऱ्या माणसाला ते कळेल. मला वाटतं पुण्यात दुसऱ्या कुणाला नाही, पण बाबांना ते कळायला हवं होतं. तो खड्डा त्यांनी शेकडो लोकांना दाखवला होता.

बाबा ओरडले. माझ्या आयुष्यात मी त्यांना असं ओरडताना ऐकलं नव्हतं, आम्ही दोघी बहिणींनी काही फोडलं तरी. “अक्कल आहे का तुम्हाला? मी बजावून सांगितलं होतं आहे तशी राहिली पाहिजे. समुद्राने नासवली नाही, लढाईने नासवली नाही, ती तुम्ही एका रात्रीत चिंचेने घासून नासवलीत. बाजारातून आणल्यासारखी दिसतेय. कोण विश्वास ठेवणार आता? चुना अस्सल होता, त्यावर बोटाची खूण होती. जगात अशी दुसरी वस्तू नाही. आणि तुम्ही ती खाडीत टाकलीत.”

अंगणातल्या माणसांनी माना खाली घातल्या. बायकांचे पत्रावळी पुसणारे हात थांबले. दीनानाथ एक पाऊल पुढे आला होता, त्याला आक्कांनी हाताने मागे सारलं. ते घर त्या दिवशी सुतकातलं होतं. त्यांचा माणूस साठ वर्षांनी, तासाभरापूर्वी गेला होता, आणि मयताच्या दारात उभा राहून माझा बाप भांड्याच्या रंगावरून भांडत होता. मी “बाबा, पुरे” असं म्हटलं. पण असं पुटपुटल्यासारखं म्हटलं की ते मलाच ऐकू आलं असेल.

आक्का थोडा वेळ बाबांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्यांना राग आला नव्हता. एखाद्या पाहुण्याला ताटात काही कमी पडलं तर घरची बाई गोंधळते, तशा त्या गोंधळल्या होत्या.

“काळीच पायजे व्हती काय?” त्यांनी विचारलं.

बाबा झाकणाच्या कडेवरून नख फिरवत राहिले.

“चुकलं आमचं. आमी अडानी. काळी करायला काय, चूल हायच. बसा तुमी.”

त्यांनी बाबांच्या हातातून डबी घेतली आणि आत गेल्या. मी मागोमाग गेले. चुलीवर खिरीचं पातेलं होतं. आक्कांनी ते उतरवून बाजूला ठेवलं. बापाच्या पानाची खीर, अर्धी शिजलेली. सुगंधा म्हणाली, “आते, आधी पान तरी वाढू दे.” आक्का म्हणाल्या, “पावन्यांना लांब जायचं हाय.” त्यांनी डबीला बोटाने खोबरेल चोपडलं, चुलीत करवंट्या आणि नारळाचं ओलं सोडण घातलं आणि चिमट्यात धरून डबी धुरावर फिरवू लागल्या. इकडून काळी झाली की तिकडून. मधेच बाहेर काढून बघायच्या, बोटाने काजळी दाबून बसवायच्या, पुन्हा धुरात धरायच्या. धुराने त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्या दंडाने पुसत होत्या. रात्री जागून घासलेलं सगळं काम त्यांनी तिथे बसून आपल्या हाताने उलटं केलं.

त्यांना थांबवायला मी एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. पण मला भीती वाटली, मी थांबवलं तर बाबा पुन्हा ओरडतील आणि पुन्हा सगळी माणसं ऐकतील. तेव्हा मी चुलीजवळ उभी राहून त्यांना विचारलं, “मी काही मदत करू का?” त्या म्हणाल्या, “नको गो पोरी, हात काळे होतील.”

बाहेर येऊन त्यांनी डबी बाबांपुढे धरली.

“बगा. झाली काय पयल्यासारखी?”

बाबांनी चष्मा पुसला, डबी उजेडाकडे फिरवून पाहिली. ठिपक्यांच्या खाचांतसुद्धा काजळी नीट बसली होती.

“हो,” ते म्हणाले. “झाली.”

मग ते माझ्याकडे वळले. “मेधा, कॅमेरा.”

मी फोटो काढला. आक्का पडवीच्या खांबाला टेकून उभ्या, दोन्ही हातांत डबी, हात मनगटापर्यंत काळे. डोळे लाल. पण मी “हं” म्हटल्यावर त्या हसल्या. कुणी फोटो काढतंय म्हटल्यावर हसावं, एवढंच त्यांना माहीत होतं.

आम्ही जेवायला थांबलो नाही. बाबांना थांबवत नव्हतं, मलाही नाही. निघताना आक्कांनी गाडीत नारळ आणि कोकमाच्या आगळाची बाटली ठेवली. “म्हाळाला या दोघं,” त्या म्हणाल्या. “यंदा मांडनार त्याचं पान. नि फोटू पाठवा.”

घाटापर्यंत बाबा खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, त्यांनाही लाज वाटत असेल. घाट सुरू झाल्यावर ते म्हणाले, “फोटोत कळणार नाही, नाही का?”

मी गिअर बदलला.

“काळ्या-पांढऱ्यात छापतात ते.” थोड्या वेळाने, “काय गं नाव त्या बाईचं?”

“सुंदराबाई.”

“हं,” ते म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

म्हाळाला मी एकटी गेले. बाबांचे गुडघे दुखत होते, म्हणजे दुखत नव्हते. त्यांनी माझ्याबरोबर मासिक पाठवलं, नुकतंच आलेलं. त्यात त्यांचा लेख होता आणि अर्ध्या पानावर आक्कांचा फोटो. आक्कांनी माझं असं स्वागत केलं की मागचं काही झालंच नव्हतं. पडवीत पानं मांडली होती. शेवटचं तातू शिवलकरांचं. त्या पानाशेजारी तंबाखू आणि चुना ठेवला होता, तोही डबीतच. पानपट्टीच्या दुकानात मिळते तशी हिरवी, प्लॅस्टिकची डबी.

जेवणं झाल्यावर मी मासिक काढलं. आक्कांनी हात धुऊन ते मांडीवर घेतलं. आपलं तोंड पाहिलं, हात पाहिले.

“काळ्या हातांची हाडळ दिसतंय मी,” त्या म्हणाल्या आणि सगळे हसले. मग त्यांनी फोटोखालच्या ओळीवर बोट ठेवलं. “हितं काय लिवलंय?”

मला बाबांनी लहानपणी शिकवलेलं जर्मन येत होतं. खाली लिहिलं होतं: ‘डबी मूळ, अस्पर्शित स्थितीत. हातात धरणारी स्थानिक स्त्री. संग्रह: म. लिमये, पुणे.’ वरच्या मजकुरात पाणबुडीवरच्या सगळ्यांची नावं होती, कप्तानापासून स्वयंपाक्यापर्यंत.

“तुमचं नाव लिहिलंय,” मी म्हटलं. “सुंदराबाई, तातू रामा शिवलकर यांची मुलगी.”

“बापसाचं पन हाय?”

“आहे.”

“जर्मन लोकांनी छापलान,” त्या दीनानाथला म्हणाल्या. “बग. त्यांच्या गावात आता म्हायती झाला तो.”

त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा बोटाने चाचपली. मी पाणी मागितलं आणि उठून विहिरीकडे गेले.

त्यानंतर दिवाळीला पत्रं झाली, एकदोनदा फोन झाले, मग तेही राहिलं. बाबा गेले त्या वर्षी त्यांचा संग्रह विकायला काढला. डबी मी बाजूला ठेवली आणि ती घेऊन माडवलीला गेले. दीनानाथ दारातच होता, दाढी पांढरी झालेली. आक्का आदल्या पावसाळ्यात वारल्या होत्या. मला कळवायला त्याच्याकडे माझा नवा नंबर नव्हता.

मी त्याच्या हातात डबी ठेवली. सुगंधा आतून आली, तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, “अजून काळीच हाय. थांबा, घासून आनते.” मागच्या दारी चिंच कोळल्याचा आणि राखेने भांडं घासल्याचा आवाज येऊ लागला.

मी पडवीत बसले होते तिथून समोर भिंत दिसत होती. भिंतीवर आक्कांचा फोटो होता, काचेत बसवलेला, वर चंदनी हार. खांबाला टेकलेल्या, काळी बोटं, हसऱ्या. मी काढलेला.

“दुसरा बरा फोटू नव्हताच तिचा,” दीनानाथ म्हणाला. “पेपरातनंच कापून घेतला. तो फ्रेमवाला बोलत व्हता, खालची पट्टी काढतो, चांगला बसंल. मी बोललो, नको. तिचं नाव हाय त्यात, नि आज्याचं. ती येनाऱ्या-जानाऱ्याला दाखवायची.”

पट्टी जशीच्या तशी होती. काच आणि पुठ्ठ्याच्या मधे, एकही अक्षर न कापता.

“बरं केलंत,” मी म्हटलं.